'गाडी बंद पडते' : एका रिकॉलच्या इतिहासातील मालकांची भाषा

१

मोटारगाडीत सुरक्षिततेस बाधक असा दोष आढळल्यास उत्पादकाने तो गाडीच्या मालकास कळवावा आणि विनामूल्य दूर करून द्यावा, हा नियम आज स्वयंसिद्ध वाटतो. परंतु तो फार जुना नाही. अमेरिकेत १९६६ पूर्वी अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नव्हता. एखादी उणीव लक्षात आली, तर उत्पादक ती विक्रेत्यांकरवी गाजावाजा न करता दुरुस्त करवून घेई. मालकास तिचा पत्ता लागेच असे नाही. १९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अपघाताचा सारा दोष चालकाच्या माथी मारण्याच्या रूढ वृत्तीस धक्का बसला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षितता कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने दोषाची लेखी सूचना देणे उत्पादकावर बंधनकारक झाले. दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची सक्ती मात्र १९७४ च्या दुरुस्ती-कायद्याने आली.

या इतिहासात मालक सामान्यतः सूचना स्वीकारणारा म्हणून दिसतो. उत्पादक लिहितो, मालक वाचतो. वस्तुतः क्रम बहुधा उलटा असतो. दोषाचा पहिला साक्षीदार मालक असतो आणि त्याची साक्ष त्याच्या साध्या बोलीत प्रथम नोंदली जाते. त्या साक्षीचे पुढे काय होते, ती कोणत्या शब्दांत रूपांतरित होते आणि त्या रूपांतराचे परिणाम काय होतात, हे जनरल मोटर्स या कंपनीच्या इग्निशन स्विच-प्रकरणाच्या आधारे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम 'दोष' या संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. अमेरिकी कायद्यातील तिची व्याख्या अशी की, वाहनाच्या कार्यात, बांधणीत, घटकभागात वा साहित्यात असलेला कोणताही दोष 'दोष' या शब्दात समाविष्ट होय. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही व्याख्या वर्तुळाकार आहे; जिची व्याख्या करावयाची तीच संज्ञा व्याख्येत योजिली आहे. ही पोकळी भरून काढण्याचे काम न्यायालयांस करावे लागले. १९७५ साली एका खटल्यात वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने असे ठरविले की, नेहमीच्या वापरात लक्षणीय संख्येने बिघाड झाल्याचे दिसून आले, तर दोष सिद्ध करण्यास ते पुरेसे होय. बिघाडाचे यांत्रिक कारण शासनाने शोधून दाखविलेच पाहिजे असे नाही. मालकाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. आपली गाडी का बिघडली हे त्यास सांगता येत नाही. काय झाले एवढेच तो सांगू शकतो. न्यायालयाने त्या 'काय झाले'ला प्रमाण मानले. परंतु ही प्रमाणता संख्येवर अवलंबून आहे, आणि संख्या मोजावयाची तर सारख्या घटना सारख्या नावाखाली एकत्र आल्या पाहिजेत. म्हणजे प्रश्न पुन्हा नामकरणाशी येऊन ठेपतो.

३

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आदी लहान गाड्यांत बसविलेला इग्निशन स्विच ठरवून दिलेल्या मापापेक्षा सैल होता. २००२ साली तो तसाच मंजूर झाला. किल्लीला जड जुडगा अडकविलेला असला, चाक खड्ड्यात आपटले किंवा चालकाचा गुडघा लागला, तर किल्ली 'चालू' या स्थानावरून मागे घसरे. त्यासरशी इंजिन बंद पडे, सुकाणूस आणि ब्रेकला मिळणारे यांत्रिक साहाय्य नाहीसे होई, आणि सर्वांत घातक म्हणजे अपघातसमयी एअरबॅग उघडत नसे.

कोबाल्ट बाजारात येताच, २००४-०५ पासून, मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यांचा आशय जवळजवळ एकच होता : गाडी चालता चालता बंद पडते. कंपनीच्या अभियंत्यांनी चौकशी आरंभिली आणि मार्च २००५ मध्ये ती काहीही न करता मिटविली. सुचविलेला कोणताही उपाय व्यावसायिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे कारण नोंदले गेले. त्याच वर्षी वृत्तपत्रीय परीक्षकांनीही हा अनुभव छापला. त्यावर कंपनीची भूमिका अशी की, बंद पडलेली गाडी चालकास आवरता येते, म्हणून ही बाब सुरक्षिततेची नव्हे, ग्राहकाच्या सोयीची होय.

'सोय' हा शब्द येथे निर्णायक ठरला. सोयीची बाब म्हटली की तिच्या निवारणास घाई उरत नाही आणि खर्चाचा हिशेब मांडणे रास्त ठरते. हा निष्कर्ष निव्वळ दुष्टाव्याने काढला गेला, असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीस सोडून होईल. कंपनीने नेमलेले वकील अँटन वालुकास यांच्या २०१४ च्या अहवालावरून असे दिसते की, किल्ली घसरल्यावर एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटतो, ही गोष्ट हे वर्गीकरण करणाऱ्यांच्या ध्यानातच आली नव्हती. परंतु एकदा बाब 'सोयी'च्या खात्यात पडली, तेव्हा ती गोष्ट ध्यानात येण्याची वाटही अरुंद झाली.

डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने विक्रेत्यांकडे एक तांत्रिक सूचनापत्र धाडले. किल्ली अनवधानाने फिरणे व विद्युत्-यंत्रणा बंद होणे, अशी त्यातील शब्दयोजना होती. मालक ज्या एका क्रियापदाने आपली तक्रार सांगत होते, ते 'बंद पडणे' अशा अर्थाचे इंग्रजी क्रियापद त्यात नव्हते. वालुकास अहवालानुसार हा योगायोग नव्हता : तो शब्द 'तापलेला' मानला जाई; तो वापरल्यास सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित होईल आणि रिकॉलची मागणी पुढे येईल, या भीतीने तो टाळण्यात आला. परिणाम असा की, चालती गाडी बंद पडल्याची तक्रार घेऊन मालक विक्रेत्याकडे गेला आणि विक्रेत्याने त्या शब्दाने शोध घेतला, तर हे पत्रक त्याच्या हाती लागणे दुरापास्त होते. किल्लीचे छिद्र लहान करणारा एक साधा तुकडा हा पत्रकात सुचविलेला उपाय. लक्षावधी गाड्या रस्त्यावर असता तो पाचशेहूनही कमी मालकांपर्यंत पोहोचला.

४

मालकांचे शब्द आणि कंपनीचे शब्द यांचा मेळ घालण्याचे काम या यंत्रणेबाहेरच्या एका माणसाने केले. २००६ च्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिन राज्यात एका कोबाल्टला अपघात होऊन दोन तरुणी मृत्यू पावल्या. एअरबॅग उघडल्या नव्हत्या. राज्य पोलिसांच्या तपासनिसाने फेब्रुवारी २००७ च्या आपल्या प्रतिवृत्तात नमूद केले की, अपघाताच्या वेळी किल्ली 'चालू' या स्थानावर नव्हती. त्याने कंपनीचे २००५ चे पत्रक आणि शासनाकडे नोंदलेल्या मालकांच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि एअरबॅग न उघडण्याचा संबंध किल्लीशी जोडला. कंपनीच्या अभियंत्यांस जे अनेक वर्षे उमगले नाही, ते मालकांची साक्ष शब्दशः वाचणाऱ्यास उमगले.

शासकीय यंत्रणेचेही यश यापेक्षा मोठे नाही. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षितता प्रशासनातील एका अधिकाऱ्याने २००७ मध्ये चौकशीची शिफारस केली असता, इतर गाड्यांच्या तुलनेत वेगळा कल दिसत नाही, म्हणून ती फेटाळण्यात आली. २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नोंदी तपासल्या, तेव्हा अकरा वर्षांत अशा गाड्या अकस्मात बंद पडल्याच्या २६० हून अधिक तक्रारी त्यांत आढळल्या. येथे मालकांच्या भाषेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. गाडी इंधनाच्या, विजेच्या वा अन्य बिघाडानेही बंद पडते, आणि सामान्य मालक या सर्वांस एकच क्रियापद लावतो. कंपनीने शब्द टाळल्यामुळे घटना विखुरल्या, तर मालकांच्या व्यापक शब्दामुळे त्या गर्दीत मिसळल्या. तथापि या दोहोंत फरक आहे : पहिली गोष्ट हेतुपुरस्सर होती, दुसरी बोलभाषेचा स्वभाव होता, आणि तो स्वभाव ओळखून तक्रारी वाचणे, हेच शासकीय यंत्रणेचे काम होते.

५

शब्द टाळण्याची ही रीत एका पत्रकापुरती नव्हती. मे २०१४ मध्ये प्रशासनाने कंपनीस ३ कोटी ५० लाख डॉलरचा दंड केला, तेव्हा २००८ सालचे एक अंतर्गत प्रशिक्षण-साहित्य उजेडात आले. कर्मचाऱ्यांनी लेखी वापरू नयेत अशा ६९ शब्दांची व शब्दसमूहांची यादी त्यात होती. 'मृत्यूचा सापळा', 'चालती शवपेटी', 'विधवा करणारी' अशा अर्थाच्या भडक विशेषणांपुरती ती यादी असती, तर तीस लेखनशिस्त म्हणता आले असते. परंतु 'दोष', 'धोकादायक', 'सुरक्षितता' हे शब्दही तीत होते. 'समस्या' ऐवजी 'बाब' वा 'स्थिती' लिहावे, आणि 'दोष' ऐवजी 'रचनेबरहुकूम कार्य करीत नाही' असे लिहावे, असे पर्याय सुचविले होते. ज्या संज्ञेवर कायद्याची सारी जबाबदारी उभी, तीच संज्ञा दप्तरातून हद्दपार करण्याचा हा प्रयत्न होय.

अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल जाहीर झाला आणि मार्चअखेर त्याची व्याप्ती सुमारे २६ लाख गाड्यांवर गेली. नियमानुसार मालकास धाडावयाच्या पत्रात सुरक्षिततेशी संबंधित दोष आहे, असे स्पष्ट लिहावे लागते. म्हणजे जो शब्द दहा वर्षे टाळला, तोच मालकाच्या हाती छापील स्वरूपात पडला. परंतु सुटे भाग तयार नव्हते. तोवर किल्लीला जुडगा न अडकविता गाडी चालवावी, असा सल्ला कंपनीने दिला. ज्यांस भीती वाटेल त्यांस तात्पुरती दुसरी गाडी देऊ केली. येथे मालकांच्या भूमिकांत भेद पडला. काहींनी न्यायालयात जाऊन अशी मागणी केली की, 'गाडी चालवू नका' असेच कंपनीने सर्वांस कळवावे. टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये ती अमान्य केली. दुसऱ्या गटाचे गाऱ्हाणे जिवाच्या धोक्याहून निराळे होते. दोषाचा डाग लागल्याने गाडीची किंमत उतरली, त्याची भरपाई त्यांस हवी होती. तिसरा गट गप्प राहिलेल्यांचा. अमेरिकेत रिकॉल झालेल्या गाड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा दीर्घकाळ दुरुस्तीवाचून राहतो. पत्र येऊनही ज्यांना धोका खरा वाटत नाही वा दुरुस्तीस सवड होत नाही, असे अनेक मालक त्यांत असतात. 'रिकॉल' हा शब्दही या संभ्रमास अंशतः कारण आहे. तो ऐकताच गाडी परत घेतली जाईल असे वाटते. 'गाड्या माघारी बोलावल्या' या मराठी वृत्तपत्रांतील शब्दप्रयोगानेही तोच ग्रह होतो. प्रत्यक्षात बदलला जातो तो एक सुटा भाग.

किमतीचे गाऱ्हाणे कंपनीच्या २००९ मधील दिवाळखोरीवर अडले होते. जुन्या कंपनीच्या देण्यांतून नवी कंपनी मुक्त आहे, असा बचाव घेण्यात आला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो अमान्य केला. कारण असे की, दोष कंपनीस ठाऊक असता मालकांस दिवाळखोरीच्या वेळी यथायोग्य सूचना दिली गेली नव्हती. ज्यास कळविलेच नाही त्याचा हक्क बुडविता येत नाही. किमतीच्या दाव्यांत पुढे २०२० मध्ये १२ कोटी डॉलरची तडजोड झाली. तत्पूर्वी कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी संबंधित म्हणून मान्य केले होते.

६

भारतात रिकॉलला कायद्याचे अधिष्ठान २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमातील कलम ११०-अ ने मिळाले. त्यापूर्वी २०१२ पासून उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छासंहिता होती. या कलमाचे वैशिष्ट्य असे की, मालकांच्या विहित प्रमाणातील तक्रारी हा रिकॉलचा आदेश देण्याचा एक आधार मानला आहे. उपरोक्त इतिहास पाहता या तरतुदीचे यश केवळ तक्रारींच्या आकड्यावर अवलंबून राहणार नाही. भारतातील मालक अनेक भाषांत बोलतात. 'गाडी बंद पडते', 'झटका देते', 'किल्ली सरकते' या उक्ती तांत्रिक वर्गात घालताना कोणत्या नावाखाली जातात, यावर ते अवलंबून राहील. कोबाल्टच्या मालकांनी पहिल्या वर्षीच सत्य सांगितले होते. त्यांच्या वाक्यात चूक नव्हती. चूक झाली ती त्याच्या अनुवादात, आणि तिची दुरुस्ती होण्यास जवळजवळ एक दशक लागले.