अजिंठ्याच्या प्रतिकृती : मूळ आणि प्रत

मूळ कलाकृती एकमेव आणि प्रतिकृती दुय्यम, हा श्रेणीक्रम आपण सहसा तपासून पाहत नाही. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते, ही वॉल्टर बेन्यामिनची १९३६ मधील मांडणी याच श्रेणीक्रमावर उभी आहे. हाताने काढलेल्या प्रतींचा इतिहास मात्र तिला काही प्रश्न विचारतो.

रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून ईस्ट इंडिया कंपनीसाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक प्रती १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले. त्यांच्याही अनेक प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. जतनासाठी केलेल्या प्रती जळाल्या, आणि नष्टप्राय मानलेली मूळ चित्रे लेण्यांत उरली. तथापि मुळातही पडझड होत राहिली. त्यामुळे मूळ भिंतीवर आज न दिसणारे काही तपशील उरलेल्या प्रतींतच वाचावे लागतात. येथे प्रत साक्षीदार होते.

परंतु ही साक्ष तटस्थ नाही. रंग उजळ दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भिंतींना व्हार्निश लावले, ते कालांतराने पिवळे पडले. प्रतीची किंमत मुळाने मोजली. शिवाय अजिंठ्याचे मोल ठरवताना त्यांनी फ्लॉरेन्स व व्हेनिसच्या चित्रकलेचे मापदंड वापरले. लेडी हेरिंगहॅम यांच्या १९०९ ते १९११ च्या मोहिमांत सहभागी झालेले नंदलाल बोस व असितकुमार हालदार यांना त्याच भिंतींवर रेषेची एक स्वदेशी परंपरा आढळली, आणि बंगाली चित्रशैलीला तिचे पाठबळ मिळाले. भिंत एक, वाचने दोन.

म्हणून प्रतिकृतीचे मूल्य केवळ साधर्म्याने ठरवणे अपुरे आहे. प्रत हे अनुवादासारखेच अर्थनिर्णयन असते : ती मुळाविषयी जितके सांगते, तितकेच प्रत करणाऱ्याच्या काळाविषयी, त्याच्या शिक्षणाविषयी आणि त्याच्यामागील सत्तेविषयीही सांगते. हे मान्य केले, तर संग्रहालयाच्या भिंतीवरील प्रतीखाली केवळ मुळाचे नव्हे, तर ती काढणाऱ्या हाताचेही नाव आणि वर्ष नोंदवणे ही औपचारिकता उरत नाही. समीक्षेची ती पहिली अट ठरते.