सिनॅप्टिकची गच्छंती
ऑक्टोबर २०११मध्ये उबुंटू लिनक्स ११.१० आलं आणि त्यात सिनॅप्टिक, म्हणजे पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवायचं-काढायचं साधन, नव्हतं. आम्ही कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं सांभाळणारी माणसं. आमचा जीव त्यातच. पॅकेजच्या नावाशेजारी पांढरा चौकोन म्हणजे बसवलेलं नाही, हिरवा म्हणजे बसवलेलं. खूण करायची, 'अप्लाय' दाबायचं. सोबत आणखी काय काय येणार ते सिनॅप्टिक आधीच सांगायचं. एखादी आवृत्ती पुढे सरकू द्यायची नसेल, तर तिला कुलूपही लावता यायचं.

मूळ ब्राझीलचं. कोनेक्टिव्हा कंपनीत आल्फ्रेडो कोजिमा यांनी ते लिहिलं, तेही आरपीएम या वेगळ्या साच्यातल्या पॅकेजांसाठी. डेबियन-उबुंटूचं ते नंतर झालं. उबुंटू ९.१०पासून, म्हणजे २००९पासून, सॉफ्टवेअर सेंटर हे सोपं साधन त्याच्या शेजारी येऊन बसलंच होतं. नवख्याला 'लिब'ने सुरू होणाऱ्या शेकडो नावांचं जंगल दाखवायचं कशाला, हा त्यामागचा विचार. तो काही चुकीचा नव्हता. पण आमचं कुलूप त्या सेंटरात कुठे होतं?

अर्थात, हद्दपारी नव्हती ही. उबुंटूच्या पॅकेज-भांडारात सिनॅप्टिक होतंच. टर्मिनलवर एक ओळ लिहिली की हजर. उलट पुढे सॉफ्टवेअर सेंटरलाच २०१६च्या १६.०४मध्ये नारळ मिळाला.