लोहगडावरील कैद : युद्ध आणि मावळातील स्त्री

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना मळवली स्थानकाच्या दक्षिणेस लोहगड दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगडही आहे. गडाच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले जाते. युद्धात कुटुंबांची काय अवस्था होते, ह्याचीही हा गड साक्ष देतो. ती बाजू आम्ही येथे मांडत आहोत.

तळेगावचे घराणे

तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे घराण्याचे ठाणे. शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे १७२९ मध्ये निवर्तले. पुढे दोनच वर्षांनी, १ एप्रिल १७३१ रोजी, त्यांचे पुत्र त्र्यंबकराव गुजरातेत डभईजवळ पहिल्या बाजीरावांशी झालेल्या लढाईत मारले गेले. दोन्हीकडील सैन्ये एकाच छत्रपतींची होती. खंडेरावांच्या पत्नी उमाबाई ह्यांच्यावर वैधव्यापाठोपाठ पुत्रवियोग ओढवला. शाहू महाराजांनी समेट घडविला. त्यानुसार माळवा पेशव्यांकडे व गुजरात दाभाड्यांकडे राहावा आणि गुजरातचे निम्मे उत्पन्न छत्रपतींना मिळावे, असे ठरले. यशवंतराव सेनापती झाले; परंतु ते लहान असल्यामुळे कारभाराचा भार उमाबाईंनीच वाहिला.

आळंदीची भेट

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१७४९) पेशव्यांनी गुजरातच्या उत्पन्नाचा वाटा मागितला. तेव्हा २२ नोव्हेंबर १७५० रोजी उमाबाई स्वतः आळंदी येथे नानासाहेब पेशव्यांना भेटल्या. पूर्वीचा करार दडपणाखाली झाला असल्याने तो आपणांवर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बोलणी फसली. उमाबाई ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या व त्यांचे सरदार दमाजी गायकवाड फौजेसह चालून आले. उमाबाईंना आम्ही शांतिदूत म्हणत नाही. मात्र तलवारीआधी त्यांनी संवादाचे दार ठोठावले होते, हे विसरता येत नाही.

१७५१ मध्ये पेशव्यांनी तळेगावात राहणाऱ्या दाभाडे व गायकवाड कुटुंबांतील माणसे धरून लोहगडावर कैदेत ठेवली. दमाजी पकडले गेले, उमाबाईंनाही अटक झाली. १७५३ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

कायदा काय सांगतो?

शत्रूला नमविण्यासाठी त्याच्या घरच्यांना धरणे ही त्या काळी राजनीती मानली जाई. आज तो अपराध आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ३४ वे कलम ओलीस ठेवण्यास मनाई करते. २७ वे कलम बलात्कारापासून व अब्रूवरील हल्ल्यापासून स्त्रियांना विशेष संरक्षण देते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव क्रमांक १३२५ संमत करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान देण्याचे आवाहन केले. कायदे झाले, तरी परक्या सैन्याच्या ताब्यातील प्रदेशांत पाणी, धान्य व औषधांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आणि तुरुंगाच्या दारात मुलाची वाट पाहणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात.

शांतीच्या शिक्षिका

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १ जानेवारी १९९५ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशासाठी ‘स्त्रिया : शांतीच्या शिक्षिका’ हा विषय निवडला होता. ह्याचा प्रत्यय २००३ मध्ये लायबेरियात आला. तेथील ख्रिस्ती व मुस्लीम स्त्रिया पांढरी वस्त्रे परिधान करून एकत्र बसल्या, प्रार्थना केली आणि लढणाऱ्या पुरुषांना बोलणी करण्यास भाग पाडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शांतता करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा बोवी ह्यांना २०११ मध्ये नोबेल शांतता पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या शेजारच्या मुळशी खोऱ्यातही १९२१ पासून धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला. त्यात मावळच्या स्त्रियाही उतरल्या होत्या.

आळंदीच्या बैठकीत उमाबाईंचे म्हणणे मान्य झाले असते, तर पुढचा रक्तपात टळला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण बोलणी फसल्याची शिक्षा घरादाराला भोगावी लागली, एवढे निश्चित. पुढच्या वेळी लोहगड चढताना आपल्या मुलांना बुरुजांबरोबर ह्या कैदेचीही गोष्ट सांगावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.