बघायला न आलेला साक्षीदार

गुड फ्रायडे म्हटलं की रडणाऱ्या बायका आठवतात, रोमन शताधिपती आठवतो. आज बोलूया अशा माणसाबद्दल, जो तिथं बघायला गेलाच नव्हता.

शिमोन, कुरेने गावचा. कुरेने म्हणजे आजच्या लिबियात. तिथं यहुद्यांची मोठी वस्ती होती. तो रानातून येत होता आणि शिपायांनी धरलं. उचल हा वधस्तंभ! नाही म्हणायची सोयच नव्हती. रोमन सैन्य कुणालाही असं वेठीला धरायचं.

त्याला काय वाटलं? शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. पण मार्क जाता जाता सांगतो, हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. मत्तय आणि लूक ही नावं देत नाहीत. मग मार्कनेच का दिली? बहुधा त्याचे वाचक या पोरांना ओळखत होते. म्हणजे बघा, पोरांवरून बापाची ओळख! पौलही रोमच्या मंडळीतल्या एका रूफाला सलाम पाठवतो. तोच हा का? नाव सर्रास होतं, मी पैज लावणार नाही.

1941 मध्ये यरुशलेमजवळ किद्रोनच्या खोऱ्यात एका थडग्यात हाडं ठेवायची दगडी पेटी सापडली. तिच्यावर ग्रीक अक्षरांत आलेक्सांद्र, शिमोनाचा मुलगा. शिमोन हे नाव तेव्हा घरोघरी होतं, आणि अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मला मात्र पेटीपेक्षा दुसरंच छळतं. त्या रात्री घरी जाऊन, खांदा चोळत, शिमोननं पोरांना नेमकं काय सांगितलं असेल?