तड्यातून उमगलेला पूल

पुलावरून आपण रोज जातो, पण पूल पाहायला क्वचितच थांबतो. नदीला पाणी किती आहे ते पाहतो, पलीकडचे गाव किती लांब राहिले याचा अंदाज घेतो. पूल कोणी बांधला असे विचारले तर खात्याचे किंवा ठेकेदाराचे नाव निघते, फार तर उद्घाटनाच्या पाटीवरचे. ज्याने तो आधी कागदावर उभा केला, त्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. लेखकांची, गायकांची, राजकारण्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. पूल बांधणाऱ्याचे चरित्रही तितक्याच ओढीने वाचता येते, कारण त्याचे विचार कसे बदलत गेले याचा पुरावा उघड्यावर, उन्हापावसात उभा असतो.

या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्याला मी रोबेर मायार यांच्यापासून सुरुवात करायला सांगेन. त्यांचा जन्म १८७२ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत विल्हेल्म रिटर यांच्या हाताखाली शिकून १८९४ मध्ये ते पदवीधर झाले. काँक्रीटमध्ये सळया घालून बांधायची पद्धत, जिला आज आपण सहज आरसीसी म्हणतो, तेव्हा अगदी नवी होती. पदार्थ नवा असला तरी डोळे जुन्याच सवयीचे होते. काँक्रीटचे पूलही दगडी पुलांसारखे जाडजूड दिसावेत, तरच ते भक्कम, अशी समजूत होती. या नव्या पदार्थाला स्वतःचे रूप असू शकते, ही मायार यांची खरी कमाई. ती त्यांना एकदम गवसली नाही. वाचकांनी हे चरित्र वाचताना तिकडेच लक्ष ठेवावे.

१९०१ मध्ये त्यांनी ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतात त्सुओत्स येथे इन नदीवर पूल बांधला. खालची कमान, बाजूच्या भिंती आणि वरचा रस्ता या तिघांना त्यांनी एकजीव करून पोकळ पेटीसारखे केले. दोन वर्षांनी काठालगतच्या भिंतींत तडे दिसू लागले. पूल पडण्याची भीती नव्हती. तडे बुजवले असते आणि विषय तिथेच मिटला असता तरी कोणी बोल लावला नसता. मायार यांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला: ही भिंत इथे काय काम करते आहे? उत्तर निघाले की काठाजवळ ती भार वाहण्याच्या कामी येतच नाही. मग १९०५ मध्ये तावानासा येथे ऱ्हाईन नदीवर ५१ मीटरचा गाळा घेताना त्यांनी तेवढा भाग सरळ काढून टाकला. जिथे तडे गेले होते तिथे आता त्रिकोणी मोकळी जागा आली, आणि कमान काठाकडे निमुळती होत गेली. माझ्या मते आधुनिक पूलबांधणीतला हा सर्वांत सुंदर निर्णय आहे.

पुढचे आयुष्य सरळ गेले नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात ते कुटुंबासह रशियन साम्राज्यात होते, आणि महायुद्ध सुरू झाल्याने तिकडेच अडकले. १९१६ मध्ये पत्नी वारली. क्रांतीत सारी मिळकत गेली. मुलांना घेऊन ते मायदेशी परतले तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटली होती आणि हात रिकामे होते. त्यांचे सर्वांत नावाजलेले पूल यानंतरचे आहेत.

त्यांतला साल्गिनाटोबेलचा पूल १९३० चा. शीर्सहून शूडर्स या छोट्या वस्तीकडे जाणारा अरुंद रस्ता तो दरीवरून ९० मीटरच्या एकाच गाळ्यात पार करतो. त्याचे छायाचित्र समोर असेल तर एक गोष्ट पाहा. कमान दोन्ही टोकांना आणि मध्यावर बारीक आहे, आणि मधल्या अंतरात दोन्ही बाजूंना फुगलेली आहे. असे का, हे घरच्या घरी कळते. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा दोन जाड पुस्तकांमध्ये कमानीसारखा वाकवून बसवा आणि शिखरावर नव्हे, एका बाजूला, पाव अंतरावर बोट टेका. तिथे पुठ्ठा खचतो आणि पलीकडच्या बाजूला वर येतो. जिथे वाकण्याची ओढ जास्त, तिथे मायार यांनी कमानीला खोली दिली. दोन्ही टोकांना आणि शिखराला मात्र त्यांनी बिजागऱ्या ठेवल्या, म्हणजे ऊन-थंडीने कमान किंचित वरखाली झाली तरी ताण साठत नाही. बिजागरीपाशी वाकण्याचा ताणच नसतो, म्हणून तिथे ती बारीक राहू शकली.

बांधण्याची तऱ्हाही तशीच विचाराची. सेंटरिंगचा लाकडी सांगाडा रिचर्ड कोराय यांनी उभारला. तो फक्त कमानीच्या पातळ तळपट्टीचे वजन पेलण्यापुरता होता. ती पट्टी घट्ट झाली की पुढच्या भिंतींचा आणि रस्त्याचा भार तिनेच उचलायचा. इतक्या खोल दरीत लाकूड वाचवणे म्हणजे पैसाच वाचवणे. मायार यांच्या कामातले सौंदर्य आणि काटकसर वेगवेगळी काढता येत नाहीत, हे नव्या वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घेतले तर पुढचा प्रवास सोपा जाईल.

आकडेमोडीची धास्ती असेल तर ती तूर्त बाजूला ठेवा. पूल मात्र कालक्रमानेच पाहावेत, कारण प्रत्येकात आधीच्याला दिलेले उत्तर दडलेले असते. ज्यांना ही गोडी लागेल त्यांनी १९३३ च्या श्वांडबाखच्या पुलाकडेही वळावे. त्याची कमान अवघी २० सेंटीमीटर जाड आहे आणि वरचा रस्ता वळणाचा आहे.

पहिल्या भेटीला मात्र ग्राउब्युंडेनमधले तीनच पूल पुरेत. त्सुओत्स आणि साल्गिनाटोबेल आजही उभे आहेत. मधला तावानासा १९२७ मध्ये दरड कोसळून वाहून गेला. त्याची आता छायाचित्रेच उरली आहेत. वाचकांनी ती ओलांडून पुढे जाऊ नये. काठाजवळच्या त्या त्रिकोणी मोकळ्या जागेवर थोडा वेळ नजर ठेवावी आणि मग साल्गिनाटोबेलचे पान उघडावे.