ज्या यंत्रावर लिनक्स जन्मले

जुन्या संगणकाचा सपोर्ट मुक्त सॉफ्टवेअरमधून कधी काढायचा, या प्रश्नाचा माग काढत आपण मागे गेलो, तर हेलसिंकीला पोहोचतो. ऑक्टोबर १९८५ मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचे यंत्र लिनस टॉरवाल्ड्स या तेथील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१ मध्ये विकत घेतले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, वार्ता देताना त्याने स्पष्ट केले होते की, ती ३८६ च्या खास सोयींवर बेतलेली असून दुसऱ्या यंत्रांवर नेण्याजोगी नाही. पण डिजिटल कंपनीतील जॉन हॉल यांच्या खटपटीने त्या कंपनीचे अल्फा यंत्र त्याच्या हाती आले आणि मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क, मिप्स या प्रोसेसरांनाही जागा मिळाली. पुढे ज्याच्याकडे जे यंत्र होते, त्याने त्याचा कोड आणून जोडला. ही आवक जेवढी उत्साहाची, तेवढीच पुढच्या ओझ्याची होती, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

ओझे जाणवले ते प्रथम ३८६ चेच. १९८९ च्या ४८६ मध्ये एक नवी सूचना आली होती : स्मृतीतील मूल्य तपासून, जुळले तर ते एकाच अखंड क्रियेत बदलणारी. अनेक प्रोसेसर एकत्र चालवताना तिच्याविना चालत नाही. ३८६ कडे ती नव्हती. शिवाय कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः लिहीत असताना स्मृतीच्या पानांवरील लेखनबंदी ३८६ पाळत नसे. या उणिवांसाठी ठेवलेल्या आडवाटा प्रत्येक नव्या बदलाच्या वेळी जपाव्या लागत. इंटेलने २००७ मध्ये ३८६ चे उत्पादन थांबवले. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नेलचे एक विकासक इंगो मोल्नार यांनी सपोर्ट काढण्याचे पॅच पाठवले आणि टॉरवाल्ड्स यांचे ते पहिले यंत्र आता नवे कर्नेल चालवू शकणार नाही, याची हळहळही त्यासोबत नोंदवली. टॉरवाल्ड्स यांनी मात्र हळवे न होता पॅच स्वीकारले. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ३८६ नव्हता.

मला यापेक्षाही महत्त्वाचे वळण वाटते ते २०१८ चे. त्या वर्षी ४.१७ आवृत्तीसाठी आणखी एक विकासक आर्न्ड बर्गमन यांनी ब्लॅकफिन, टाइल यांच्यासह आठ प्रोसेसर-कुळे एकदम काढली. जवळपास पाच लाख ओळी गेल्या. टाइल तर २००७ नंतरचे. उलट १९७९ च्या मोटोरोला ६८००० चे कुळ, म्हणजे जुन्या अमिगा आणि अटारी संगणकांचे, आजही कर्नेलमध्ये आहे, कारण गीर्ट उइटरहूवन आणि त्यांचे सोबती ते वर्षानुवर्षे चालवून पाहतात, मोडले तर दुरुस्त करतात. वयाने म्हातारे टिकले आणि तरुण गेले! यंत्राच्या जन्मसालापेक्षा त्याची काळजी घेणारा माणूस उरला आहे का, हे पाहणे मला अधिक न्याय्य वाटते. कोणीही न तपासलेला कोड ठेवून सपोर्ट असल्याचे सांगणे, ही वापरणाऱ्याची फसवणूकच. बड्या कंपन्यांच्या पाठबळाने २००१ मध्ये आलेले इंटेलचे इटेनियमही जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत गेले.

एप्रिल २०२५ मध्ये मोल्नार यांनीच ४८६ आणि ५८६ पिढीतले सुरुवातीचे काही प्रोसेसर काढण्याचे पॅच मांडले. त्या प्रस्तावानुसार किमान अट दोन गोष्टींची : घड्याळाची टिकटिक मोजणारा अंतर्गत गणक आणि आठ बाइटांची अखंड अदलाबदल. १९९३ च्या पहिल्या पेंटियममध्ये या दोन्ही आहेत.