मिलिंदचं स्टेज

मी लिंबागणेशचा. आमच्याकडं पोरांना कॉलेजातलं गॅदरिंग म्हणजे टाइमपास वाटतो. इतिहास बघा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातली आपली पोरं तिथं आली. गावात ज्यांना चावडीच्या पायरीशी थांबावं लागायचं, ती तिथं थेट स्टेजवर चढली. प्राचार्य म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ नाटक विद्यार्थ्यांनी १९५५ साली खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. १९६७ साली मिलिंदच्याच परिसरातून ‘अस्मिता’ निघालं. त्याचंच पुढं गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ झालं. वर्गानं डिग्री दिली, चारचौघांत तोंड उघडायचं बळ नाटकानं आणि नियतकालिकानं दिलं. तेव्हा नाट्यमंडळात, वाङ्मयमंडळात नाव घालायला मागं सरू नका. मिळालेलं स्टेज सोडायचं नाही.